केळव्वा : ऐकण्याची साधना नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

माझ्या सासूबाई इलकलच्या. माहेरी कानडी. लग्न होऊन बेळगावातल्या शहापूरला आमच्या विणकरांच्या घरात आल्या, मराठी शिकल्या आणि पुढची चाळीस वर्षं आमच्याशी मराठीतच बोलल्या. अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती मराठी गेली. उरली ती लहानपणची कानडी, तीसुद्धा तुटक. मी निपाणीची. माझी कानडी बाजारापुरती.

त्या दिवसांत त्या सारखं एकच वाक्य म्हणायच्या, ‘मग्गद सद्द इल्ल.’ मी भाकरीच्या पिठात हात घालून स्वयंपाकघरातून ऐकायची. मला ‘मग’ एवढंच ऐकू यायचं. कानडीत मग म्हणजे मुलगा. मी तिथूनच ओरडून सांगायची, ‘येतील की संध्याकाळी, आत्ती.’ त्या भिंतीकडे तोंड वळवायच्या. असे आठ-दहा दिवस गेले. एका दुपारी वीज गेली, कामं अडली, म्हणून मी खाटेशेजारी जाऊन बसले आणि पहिल्यांदा विचारलं, ‘एन सद्द, आत्ती?’ कसला आवाज? त्यांनी चालता हात उचलून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेला. धोटा, मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो. मग्ग म्हणजे माग. मागच्या खोलीतले दोन माग आम्ही त्याच महिन्यात विकले होते. ज्या आवाजात त्या चाळीस वर्षं उठल्या, झोपल्या, तो आवाज घरातून गेला होता, आणि एवढंच त्या सांगत होत्या. मागाचा आवाज नाही.

मग्ग आणि माग, दोन्ही शब्द शेजारी शेजारी. मला अर्थ कळला नाही तो कानडी कमी पडली म्हणून नव्हे. माझं उत्तर आधीच तयार होतं.

तिथून मी ऐकायला शिकायला लागले. आता संध्याकाळच्या हरिपाठाला येणाऱ्या नव्या मुली, नोकरीसाठी बेळगावात येऊन राहिलेली मुलं विचारतात की ध्यान जमत नाही, पोथी कळत नाही, सुरुवात कुठून करू. मी सांगते, कानापासून करा. कशी करायची ते इथे लिहिते.

आधी एका शब्दाबद्दल. सासूबाई बोलायला सुरुवात करताना म्हणायच्या, ‘केळव्वा.’ ऐक गं बाई. नवीन लग्न झालं तेव्हा मला वाटायचं, केळी मागतात. कानडीत ‘केळु’ म्हणजे ऐकणं, आणि ‘केळु’ म्हणजेच विचारणं. एकच क्रियापद. आपल्या मराठीत ‘ऐकणं’ वेगळ्या बाजूला झुकतं. ‘पोरगं ऐकत नाही’ म्हणजे ते सांगितलेलं करत नाही. कानडीतही तो अर्थ आहे, पण विचारण्याचा अर्थ मराठीत नाही. सीमाभागात राहिल्याचा मला झालेला हा सगळ्यात मोठा फायदा. पुढे जे काही सांगते आहे, ते या शब्दाला धरूनच.

आपल्या परंपरेत ऐकण्याला पहिलं आसन आहे. भागवतात प्रल्हाद भक्तीचे नऊ प्रकार सांगतो, त्यातला पहिला श्रवण. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतात की आत्म्याबद्दल आधी ऐकावं, मग त्याचं मनन करावं, मग निदिध्यासन, म्हणजे त्याचाच सतत ध्यास. बोलणं याज्ञवल्क्यांच्या या यादीत कुठेच नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

पहिली पायरी : सकाळची दहा मिनिटं

उठल्यावर मोबाईल हातात घेण्याआधी दहा मिनिटं उंबऱ्यावर, गॅलरीत, खिडकीशी, जिथे जमेल तिथे बसा. मांडी घालता येत नसेल तर खुर्ची चालेल. डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही.

आधी सगळ्यात लांबचा आवाज शोधा. कॅम्पाच्या बाजूला राहणाऱ्यांना मराठा सेंटरमधला बिगुल ऐकू येतो, कुणाला रेल्वेचा भोंगा, कुणाला अजान, कुणाला काकड आरतीचे टाळ. तो सापडला की हळूहळू जवळ या. गल्लीतला झाडू, नळाखालची कळशी, शेजारच्या घरात कुकर. शेवटी स्वतःचा श्वास.

यात एक गोष्ट हमखास होते. कानावर गाडीचा आवाज पडतो, मन म्हणतं, ‘भाऊजींची गाडी.’ लगेच, ‘अजून हप्ते राहिलेत.’ मग, ‘उसने दिलेले कधी देणार?’ आवाज केव्हाच पुढच्या चौकात गेलेला असतो आणि आपण भाऊजींशी भांडत असतो. हे कळलं की पुन्हा आवाजाकडे या. रागावू नका. दहा मिनिटांत वीस वेळा होईल. माझं अजून होतं.

सुरुवात करायला आमच्याकडचा पाऊस फार चांगला. जून-जुलैत झड लागली की घरातूनच सराव होतो. कौलांवरचा पाऊस वेगळा वाजतो, पत्र्यावरचा वेगळा, परसातल्या अळूवरचा वेगळा, पन्हळीतून खाली पडणारा वेगळा. हे चार वेगवेगळे ऐकू यायला लागले की समजा कान जागा झाला. खानापूरच्या पुढे कणकुंबीच्या बाजूला, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथल्या पावसात तर झाडांचेही प्रकार कानाने कळतात, असं तिथली जुनी माणसं सांगतात. मला तेवढं अजून येत नाही.

आठ दिवस एवढंच करा. दुसरं काही नको.

दुसरी पायरी : रोज एका माणसाचं शेवटपर्यंत

घरात सगळ्यांचं सगळं ऐकायचं ठरवलंत तर दुपारपर्यंत दमून जाल. दिवसाला एक माणूस पुरे. सासू, नवरा, भाजीवाली मावशी, ऑफिसातला शिपाईमामा, कुणीही. त्या माणसाला सांगू नका की मी आता साधना म्हणून तुमचं ऐकणार आहे. बिचारा बोलायचाच बंद होईल.

हात मोकळे ठेवा. पिठात हात असतील तर ऐकणं अर्धंच होतं, हे मी वर सांगितलंच. काम सोडता येत नसेल तर स्पष्ट म्हणा, ‘दोन मिनिटं थांब, गॅस बंद करून येते.’ माणूस थांबतो. त्याला बरंच वाटतं.

मग त्याचं वाक्य संपू द्या. संपल्यावर स्वतःचा एक श्वास आत-बाहेर होऊ द्या. पुष्कळदा खरं बोलणं या एका श्वासानंतर येतं, कारण आधी माणूस अंदाज घेत असतो की समोरचा थांबणार आहे का. त्यानंतर तुमचं पहिलं वाक्य प्रश्न असू द्या, आणि तो प्रश्न त्याच्याच बोलण्यातला शब्द उचलून विचारा.

उदाहरण देते. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘काल पाणी आलंच न्हाई बघ.’ आपल्या तोंडात काय येतं? ‘आमच्याकडं तरी कुठं आलंय!’ झालं, बोलणं संपलं, दोघी मिळून पाण्याला शिव्या. त्या दिवशी मी थांबले आणि विचारलं, ‘पाणी न्हाई मग रात्री कसं केलासा?’ तेव्हा कळलं की लेक बाळंतपणाला आली आहे, तिच्या आंघोळीला पाणी नव्हतं, आणि जावयाच्या घरून फोन आला होता. आमच्या टाकीत चार बादल्या होत्या. मी प्रश्न विचारला नसता तर त्या मागणाऱ्यातल्या नव्हत्या.

प्रश्न म्हणजे उलटतपासणी मात्र नको. ‘का केलंस?’ हा बहुतेक वेळा प्रश्न नसतोच, तो ठपका असतो. ‘मग?’, ‘कसं?’, ‘केव्हापासून?’ हे बरे.

आणि हुंकार द्या. पूर्वी आजी गोष्ट सांगायची तेव्हा आपण ‘हूं’ म्हणायचो, हुंकार थांबला की आजी म्हणायची, झोपलास काय रे? तो हुंकार आपण विसरलो. मान हलवणं वेगळं, हुंकार वेगळा. हुंकारात कळतं की ऐकणारा जागा आहे आणि अजून मध्ये पडलेला नाही. सासूबाईंना बसवण्णांची वचनं पाठ होती. बाराव्या शतकातल्या त्या एका वचनात म्हटलं आहे की बोलावं तर मोत्यांच्या हारासारखं, माणकाच्या तेजासारखं, आणि ते ऐकून लिंगाने प्रसन्न होऊन ‘अहुदु, अहुदु’ म्हणावं. होय, होय. वचन बोलण्याबद्दल आहे, पण मला त्यात देव हुंकार देताना दिसतो. त्या हे वचन म्हणायच्या तेव्हा शेवटचं ‘अहुदु’ नेहमी हळू म्हणायच्या.

तिसरी पायरी : अर्धी कळणारी भाषा

ही पायरी पुण्या-मुंबईच्या माणसाला सहज मिळणार नाही. आम्हाला रोज मिळते. बेळगावच्या रविवार पेठेत, बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर शेजारचा माणूस कानडीत बोलतो, आणि आपल्याला त्यातलं निम्मं कळतं. निम्मं कळलं की आपण उरलेलं स्वतःच्या मनाने भरतो. मग आणि मग्ग.

कानडी वाक्याची ठेवण मराठीसारखीच आहे, क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे होकार-नकारही शेवटीच कळतो. ‘नाळे बरतीनि’ म्हणजे उद्या येतो. ‘नाळे बरूदिल्ल’ म्हणजे उद्या येत नाही. ‘नाळे’ ऐकून जो मान डोलावून निघाला, तो दुसऱ्या दिवशी वाट बघत बसला. म्हणून शेवटच्या शब्दापर्यंत थांबायचं. नवख्याला चार शेपट्या ओळखता आल्या तरी खूप झालं : बेकु, हवं. बेड, नको. साकु, पुरे. इल्ल, नाही.

मग आपल्याला काय कळलं ते परत म्हणून दाखवा. ‘म्हणजे उद्या येणार नाही, व्हय की?’ मराठीत म्हणा, हिंदीत म्हणा, मोडक्या कानडीत म्हणा. चुकलं तर समोरचा दुरुस्त करतो, आणि दुरुस्त करताना तो आपल्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. जेवणाच्या वेळेला कुणी ‘ऊट आतेन्री?’ विचारलं तर त्याला जेवणाचा हिशेब नको असतो. ते आपल्या ‘जेवलासा काय?’ सारखंच आहे. नुसतं हसून हो म्हणा, आणि उलट विचारा.

इथे काहींच्या मनात येतं ते मला माहीत आहे. बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, घातलं त्या १ नोव्हेंबर १९५६ पासूनचं हे दुखणं आहे. तीन पिढ्या गेल्या, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ पासून चालू आहे. आमच्याही घरातली माणसं दर १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत चालली आहेत. मराठी शाळा, मराठी पाटी, मराठीत कागद मिळणं, यातलं मी काहीही सोडून दिलेलं नाही, तुम्हीही सोडू नका. पण खाटेवर पडलेली बाई कानडीत ‘आवाज नाही’ म्हणते तेव्हा तिच्यासमोर सीमाप्रश्न नसतो. मागणी चौकात करायची. दवाखान्याच्या बाकावर, रांगेत, उशाशी ऐकायचं. यात मला कधी अडचण आली नाही.

चौथी पायरी : चारचौघांत बसून

आता हरिपाठाला, प्रवचनाला, कीर्तनाला जा. घरी ऐकायची सवय न लावता थेट सप्ताहात जाऊन बसणारे बहुतेक जण तिसऱ्या दिवशी येत नाहीत, असं मी पाहिलं आहे. म्हणून हे चौथ्या क्रमांकावर.

ज्ञानेश्वर महाराज नवव्या अध्यायाची सुरुवातच अशी करतात : ‘तरी अवधान एकलें दीजे । मग सर्वसुखासि पात्र होईजे ।’ फक्त लक्ष द्या, आणि सगळ्या सुखाला पात्र व्हा. एवढं मोठं आश्वासन आणि मागणं केवढं लहान. मी ही ओवी कितीतरी वर्षं प्रस्तावना समजून ओलांडून जात होते.

बसायचं कुठे? स्पीकरच्या समोर कधीच नको. आमच्याकडे गावोगावी सप्ताहात कर्णे मोठे असतात, कान सुन्न होतो. पखवाजापासून थोडं लांब, पण बुवांचा चेहरा दिसेल असं. झोप येत असेल तर खांबाला टेकू नका. तरीही आली तर अपराध्यासारखं वाटून घेऊ नका, उठून चपलांपाशी पाच मिनिटं उभे राहा आणि परत या.

हरिपाठ नवख्याला सगळ्यात सोपा. रोज तेच अभंग, अर्ध्या तासात आटोपतो. ‘रोज तेच काय ऐकायचं?’ असं पहिल्या आठवड्यात वाटतं. महिन्याभराने शब्द ओठावर बसतात, आणि मग शब्द शोधण्यात गुंतलेला कान मोकळा होतो. शेजारच्या आजींचा आवाज आज बसलाय, टाळ कुणीतरी घाईत वाजवतंय, एका चरणावर आपलाच आवाज अडखळतोय, हे सगळं ऐकू येतं. मला हरिपाठाचा अर्थ असाच हळूहळू कळला, पुस्तकातून कमी.

ज्ञानेश्वरीच्या पारायणात मात्र पहिल्या वर्षी सगळं समजून घ्यायला जाऊ नका. अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या, सात दिवस. वाचन पळतं. दिवसाला एक ओवी पकडा, जी कानाला अडकेल ती. बाकीचं पावसासारखं अंगावरून जाऊ द्या.

जमलं तर एकदा बेळगावजवळच्या बाळेकुंद्रीला जाऊन या. पंत महाराज बाळेकुंद्रीकर (१८५५ ते १९०५) बेळगावात शाळामास्तर होते. दिवसा मुलांना शिकवायचं आणि बाकीच्या वेळी दत्तभक्ती, असं त्यांचं आयुष्य. त्यांची पदं तिथे अजून म्हटली जातात. म्हणणाऱ्यांत मराठीभाषक असतात तसे कानडीभाषकही. कानडी गळ्यातून मराठी पद ऐकताना आपलेच शब्द नवे वाटतात. तिसऱ्या पायरीचा सराव उलट्या बाजूने होतो म्हणा.

पाचवी पायरी : वही

ऐकलेलं लगेच वाहून जातं, म्हणून मनन. रात्री झोपण्याआधी वहीत एकच वाक्य लिहा, आज कुणाचं तरी ऐकलेलं, त्याच्याच शब्दांत. आपलं मत लिहायचं नाही. ‘काकू रडल्या’ असं नको. ‘काकू म्हणाल्या, रात्री कुणाचं दार वाजवणार?’ असं. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना, गाडी चालवताना ते वाक्य आपोआप वर येतं. येऊ द्या. काही वाक्यांचा अर्थ चार दिवसांनी कळतो. माझ्या वहीत ‘मग्गद सद्द इल्ल’ नाही, कारण तेव्हा वही नव्हती, आणि याचं मला वाईट वाटतं.

कुणाला आजारपणामुळे, आवाज गेल्यामुळे, घरात अडकून पडल्यामुळे नुसतं ऐकतच राहावं लागत असेल, तर त्यांनी कुमार गंधर्वांची आठवण ठेवावी. ते आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, जन्म १९२४ चा. ऐन तारुण्यात क्षय झाला, १९४८ मध्ये हवापालटासाठी माळव्यात देवासला गेले, आणि काही वर्षं गाणं बंद. गायकाला गायचं नाही म्हणजे काय, याची कल्पना करा. त्या काळात माळव्यातली लोकगीतं त्यांच्या कानांवर पडत राहिली. त्या धुनांमध्ये त्यांना राग दिसले, आणि पुढे धुनउगम राग म्हणून ते त्यांनी मांडले. आमच्या घरी त्यांची निर्गुणी भजनं लागली की सासूबाई डोळे मिटून घ्यायच्या. कोमकळीमठ आडनावाचा कानडी घरातला मुलगा मराठी माणसाचा लाडका झाला, आणि गायला माळव्याचं. या माणसाचा कान कसा असेल!

सार आणि असार

ऐकणं म्हणजे कुणी काहीही ओतावं आणि आपण भांडं व्हावं असं नाही. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात पहिला समास श्रवणालाच दिला आहे. त्यात काय काय ऐकावं याची लांबलचक यादी आहे, आणि शेवटी सांगितलं आहे की हे सगळं ऐकावं, पण सार शोधून घ्यावं, असार जाणून टाकून द्यावं. टाकून देणं हासुद्धा श्रवणभक्तीचा भाग आहे, हे नव्या माणसाने पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावं. कुणी घरात शिवीगाळ करत असेल, धाक घालत असेल, तर तिथे शांत बसून ऐकणं ही साधना नव्हे. उठा, दुसऱ्या माणसाला सांगा, मदत घ्या. व्हॉट्सअॅपवरच्या भडकावणाऱ्या फितींनाही हेच लागू.

आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांना वेगळं सांगते. तुमचं ऐकणारंही कुणीतरी हवं. आठवड्यातून एकदा तरी. माझं ऐकायला माझी नणंद यायची.

आणि साधी गोष्ट, जी सगळे टाळतात : कान तपासून घ्या. टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल, लोक पुटपुटतात असं वाटत असेल, तर कानाच्या डॉक्टरकडे जा. कधी नुसता मळ असतो, कधी यंत्र लागतं. चष्म्याची लाज वाटत नाही, मग श्रवणयंत्राची का वाटावी?

‘ऐकून पुढे करायचं काय?’

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. बहुतेक वेळा काही करायचं नसतं. सांगणाऱ्याने काही मागितलेलं नसतं, आणि आपण सल्ल्याची पिशवी उघडून बसतो. मागितलंच, तर जेवढं मागितलं तेवढं करावं.

सासूबाईंनी माग परत मागितले नाहीत. विकलेले माग परत आणणं आम्हाला परवडणारंही नव्हतं. वडगावात आमच्या नात्यातल्या एकांचे माग चालू होते. आठवड्यातून दोनदा मी त्यांना रिक्षात घालून तिकडे न्यायची. दाराशी खुर्ची ठेवायचे ते लोक. त्या आत बघायच्या नाहीत, रस्त्याकडे तोंड करून बसायच्या. मी शेजारी पायरीवर. इतक्या आवाजात बोलता यायचं नाही, त्यामुळे दोघीही बोलायचो नाही. अर्ध्या तासाने कधीतरी धोट्यातली सुताची कांडी संपायची, माग थांबायचा, आणि त्या म्हणायच्या, ‘साकु.’ मग मी रिक्षा बोलवायची.